वजन कमी करण्याच्या गोळ्या : डबीत काय असतं, शरीरात काय होतं आणि त्याऐवजी काय करावं

(ही एक चर्चा आहे. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

खलबत्ता

'दहा दिवसांत पाच किलो' ही जाहिरात रिक्षाच्या पाठीपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे दिसते. गोळीत काय आहे ते नंतर बघू, आधी नुसता हिशेब मांडू.

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. पाच किलोंच्या झाल्या ३८,५००. त्या दहा दिवसांत जाळायच्या तर रोज ३,८५० ची तूट हवी. मध्यम बांध्याच्या, बैठं काम करणाऱ्या बाईचा दिवसभराचा एकूण खर्चच १,८०० च्या आसपास असतो. म्हणजे दहा दिवस पाण्याशिवाय काही पोटात गेलं नाही तरी पाच किलो चरबी उतरणार नाही. तरीही काटा खाली येतो. का? तर पाणी जातं, पोट साफ होतं आणि थोडे स्नायू झडतात. म्हणून तर गोळी बंद केल्यावर आठवड्याभरात काटा परत जागेवर.

हा 'परिणाम' दाखवायचे मार्ग ठरलेले आहेत. लघवी वाढवणारं औषध, जुलाबाचं औषध, थायरॉइडचं हार्मोन, भूक मारणारं बंदी असलेलं औषध. 'शंभर टक्के हर्बल' लिहिलेल्या डब्यांच्या तपासण्यांत जगभर हेच पुन्हा पुन्हा सापडलं आहे, आणि सगळ्यांत जास्त वेळा सापडलेलं नाव म्हणजे सिब्युट्रामिन.

सिब्युट्रामिन एकेकाळी रीतसर विकलं जायचं. मेंदूतली सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन ही रसायनं ते जास्त वेळ टिकवतं, त्यामुळे पोट लवकर भरल्यासारखं वाटतं. पण त्याच रसायनांनी नाडी आणि रक्तदाबही वाढतो. सुमारे १०,००० रुग्णांच्या चाचणीत हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरेंचं प्रमाण साध्या (औषध नसलेल्या) गोळीवर १०.० टक्के होतं, सिब्युट्रामिनवर ११.४ टक्के. २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून ते गेलं, २०११ मध्ये भारतात बंदी आली. डबीवर नाव नसल्यामुळे धोका दुप्पट होतो. नैराश्याच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाने हे नकळत घेतलं तर सेरोटोनिन बेसुमार वाढून ताप, थरथर, गोंधळलेपण, स्नायू ताठरणं इथपर्यंत प्रकरण जातं.

तिसरा ठोका

छान सुरुवात. या औषधांचा इतिहास एका दमात सांगतो, कारण दर वेळी गोष्ट तीच घडली आहे.

फेनफ्लुरामिन: हृदयाच्या झडपा जाड होऊन गळायला लागल्या, १९९७ मध्ये बाजारातून मागे. फिनाइलप्रोपॅनॉलअमिन: तरुण बायकांमध्ये मेंदूत रक्तस्राव, २००० मध्ये अमेरिकेत थांबवलं, भारतात २०११ मध्ये बंदी. रिमोनाबँट: नैराश्य, आत्महत्येचे विचार, २००८ मध्ये युरोपात थांबलं आणि पुढच्या वर्षी आपल्याकडे. लोरकॅसेरिन: कर्करोगाची शंका, २०२० मध्ये मागे.

ही सगळी औषधं मान्यता घेऊन आली होती. डॉक्टर लिहून देत होते, दुष्परिणामांची नोंद होत होती, म्हणून धोका उघड तरी झाला. कुरियरने घरी येणाऱ्या डबीची नोंद ठेवणारं कुणीच नसतं.

अंबाडी

समजा कुणी दोन-तीन महिने अशी कॅप्सूल घेतंय आणि आता शंका आली. लगेच बंद करावी का? तपासण्या कोणत्या कराव्यात?

तिसरा ठोका

बंद करावी, पण एक अट आहे. चेहरा गोल झाला असेल, गालांवर सूज, कातडी पातळ होऊन सहज काळेनिळे डाग, पोटावर जांभळे पट्टे असं काही दिसत असेल, तर त्यात स्टेरॉइड असण्याची शक्यता असते. 'वजन कमी आणि सांधेदुखीही गायब' अशी दुहेरी जाहिरात असेल तर ही शंका हमखास घ्यावी. काही आठवडे बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल (शरीरात बनणारं स्टेरॉइड) मंदावतं. अशा वेळी झटक्यात थांबवलं तर रक्तदाब कोसळू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत, ते हळूहळू उतरवतात.

तपासण्या: एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन (यकृतासाठी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), सोडियम-पोटॅशियम, टीएसएच (थायरॉइडसाठी), साखर आणि एक ईसीजी. पोटॅशियमकडे विशेष लक्ष. ते ३.५ ते ५ च्या मध्ये असावं लागतं. लघवीचं औषध आणि जुलाबाचं औषध दोन्ही पोटॅशियम बाहेर टाकतात. ३ च्या खाली गेलं की पायात गोळे, अशक्तपणा, आणि पुढे हृदयाचे ठोके चुकणं. माणूस समजतो डाएटमुळे थकवा आलाय.

एक बारकी गोष्ट. केस-नखांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस थांबवा आणि प्रयोगशाळेला तसं सांगा. बऱ्याच यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी दिसतो.

लघवी चहासारखी गडद, डोळे पिवळे, अंगाला खाज, उजव्या बरगडीखाली दुखणं, छातीत धडधड, चक्कर: यातलं काहीही असेल तर सकाळची वाट बघू नये. जाताना डबी आणि उरलेल्या गोळ्या बरोबर न्याव्यात. पाकीट फेकून दिलं की डॉक्टरांना अंधारात चाचपडावं लागतं.

खलबत्ता

डबी वाचायची कशी तेही सांगतो.

१४ आकडी एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक असेल तर ती वस्तू कायद्याने अन्न आहे, औषध नव्हे. तिने वजन उतरतं हे कुणी तपासून प्रमाणित केलेलं नसतं. आयुर्वेदिक असेल तर उत्पादन परवान्याचा क्रमांक आणि प्रत्येक घटकाचं प्रमाण लिहिलेलं हवं. 'प्रोप्रायटरी ब्लेंड ८०० मिग्रॅ' एवढंच लिहून दहा वनस्पतींची नावं दिली असतील तर कोणती किती हे कळत नाही. अशी डबी परत ठेवावी.

आणखी एक, फार कमी लोकांना माहीत असलेलं. औषधं आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४. ज्या रोगांवर औषधाची जाहिरात लोकांपुढे करायला मनाई आहे त्यांची यादी या कायद्याला जोडली आहे, आणि तिच्यात लठ्ठपणा आहे. म्हणजे 'आमच्या औषधाने लठ्ठपणा बरा होतो' ही जाहिरातच मुळात बेकायदा.

दुष्परिणाम झाला तर औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या टोल फ्री क्रमांकावर रुग्ण स्वतः कळवू शकतो. आयुर्वेदिक औषधाचाही कळवता येतो. जरूर कळवा.

गुळवेल

आयुर्वेदाचा विषय निघाला म्हणून लिहिते. झाडपाला म्हणजे निर्धोक, हा समज आधी सोडायला हवा.

मेदोहर म्हणून गुग्गुळ सर्रास घेतला जातो. प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम ही हृदय-रक्तदाबाची औषधं गुग्गुळाबरोबर घेतली तर रक्तात कमी पोहोचतात. थायरॉइडच्या रुग्णांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. सोनामुखीचा 'स्लिमिंग चहा' म्हणजे निव्वळ रेचक. कॅलरी लहान आतड्यात शोषल्या जातात, सोनामुखी काम करते मोठ्या आतड्यावर. खाल्लेलं आधीच अंगी लागलेलं असतं, बाहेर जातं ते पाणी आणि क्षार. महिनोन्महिने घेतल्यावर आतड्याला तिच्याशिवाय हलायची सवय राहत नाही.

गार्सिनियाबद्दल कोकणातल्या लोकांचा नेहमी गोंधळ होतो. कॅप्सूलमध्ये असते ती मलबारी चिंच, केरळात माशाच्या कालवणात घालतात ती. आपलं कोकम हे तिचं भावंड. दोन्हींत हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असतं. त्याच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर साध्या गोळीपेक्षा जेमतेम एक किलोचा फरक, आणि दुसऱ्या बाजूला यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी. सोलकढीत चार आमसुलं पडतात, कॅप्सूलमध्ये अर्क रोजच्या रोज ग्रॅममध्ये जातो. सोलकढी खुशाल प्या.

ग्रीन टीचंही तसंच. कपातला चहा ठीक आहे. अर्काच्या गोळीतून दिवसाला ८०० मिग्रॅ किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतला एक घटक) गेलं तर यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात, हे युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये नोंदवलं आहे. उपाशीपोटी घेतल्यास धोका आणखी वाढतो, आणि नेमकं 'उपाशीपोटी घ्या' असंच सांगितलं जातं.

मल्लखांब

जिममधल्या 'फॅट बर्नर'बद्दल लिहितो. हे दोन प्रकारचे असतात.

पहिला उत्तेजकांचा: कॅफिन, सिनेफ्रिन, योहिम्बिन. एका मात्रेत ३०० मिग्रॅ कॅफिन असलेल्या डब्या मिळतात. निरोगी प्रौढाची दिवसाची मर्यादाच ४०० च्या आसपास. वर दोन कॉफी झाल्या, मग उन्हात पळायला गेलं, की काय होईल ते सांगायला नको. क्लेनब्युटेरॉल हे मुळात दम्यासाठीचं आणि घोड्यांसाठीचं औषध. हात थरथरणं, धडधड, पोटॅशियम घसरणं.

दुसरा प्रकार डीएनपी, पिवळी पूड. याच्याबद्दल स्पष्ट बोललंच पाहिजे. पेशी अन्नातली ऊर्जा साठवून वापरते. डीएनपी ती साठवू देत नाही, सगळी उष्णता म्हणून सोडून देते. शरीर आतून तापत जातं. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत हे वजनासाठी विकायला लागले, मोतीबिंदू आणि मृत्यू झाले, १९३८ मध्ये ते बंद पडलं. आजही ऑनलाइन विकलं जातं आणि माणसं मरतात. त्यावर उतारा नाही. ताप चढायला लागला की रुग्णालयात बर्फाने अंग थंड करण्यापलीकडे फारसं हातात राहत नाही. किती मात्रा 'सुरक्षित' हे विचारूच नये, कारण तशी मात्रा नाही.

अंबाडी

मग मान्यता असलेलं काहीच नाही का? ऑर्लिस्टॅट मिळतं ना? आणि ती नवीन इंजेक्शनं?

खलबत्ता

ऑर्लिस्टॅटचं सांगतो, इंजेक्शनांचं डॉक्टर, म्हणजे तिसरा ठोका, सांगतील.

१२० मिग्रॅची एक कॅप्सूल, जेवताना किंवा जेवणानंतर तासाभरात, दिवसातून तीनदा. चरबी पचवणारं एन्झाइम ती अडवते, त्यामुळे खाल्लेल्या चरबीपैकी सुमारे ३० टक्के न पचता बाहेर पडते. जेवण चुकलं किंवा जेवणात तेल-तूप नसेल तर कॅप्सूल घ्यायची नाही. फायदा माफक: वर्षभरात साध्या गोळीपेक्षा साधारण तीन किलो जास्त.

चुकतं कुठे? मिसळ, वडे, बिर्याणी खाऊन वर कॅप्सूल घेतली की तेलकट जुलाब होतात, कपडे खराब होतात, घराबाहेर पडणं मुश्किल होतं. भात-चपाती, साखर यांच्या कॅलरींवर तिचा काहीच परिणाम नाही, आणि आपल्या ताटात भरणा त्यांचाच असतो. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं चरबीबरोबर निघून जातात, म्हणून मल्टिव्हिटॅमिन रात्री झोपताना, कॅप्सूलपासून किमान दोन तास दूर. थायरॉक्सिन चार तास दूर. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासणीचा आकडा, बदलतो. किडनीत ऑक्झॅलेटचे खडे झालेले असतील तर टाळावं.

तिसरा ठोका

इंजेक्शनं खरी परिणामकारक आहेत, यात शंका नाही. टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये भारतात आलं. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या जवळ वजन उतरलं. पण हे कुणाच्या सांगण्यावरून घ्यायचं औषध नव्हे.

आठवड्यातून एकदा ०.२५ मिग्रॅने सुरुवात. दर चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ आणि शेवटी २.४. बहुतेक गोंधळ इथेच होतो. भूक पुरेशी मेली नाही म्हणून दुसऱ्याच आठवड्यात मात्रा वाढवली की उलट्या सुरू होतात, पाणी कमी पडतं, किडनीवर ताण येतो. पोटात वरच्या बाजूला असह्य दुखून पाठीकडे कळ जात असेल तर स्वादुपिंडाची सूज समजून लगेच रुग्णालय गाठायचं. वजन झपाट्याने उतरलं की पित्ताचे खडेही होतात. घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कर्करोग असेल तर हे औषध नाही. गर्भधारणेआधी सेमाग्लुटाइड निदान दोन महिने बंद हवं. टिर्झेपटाइड सुरू करताना आणि मात्रा वाढवताना गर्भनिरोधक गोळी नीट शोषली जात नाही, चार आठवडे दुसरं साधनही वापरावं. ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा, कारण पोट रिकामं व्हायला वेळ लागतो.

उतरलेल्या वजनात पंचवीस ते चाळीस टक्के भाग स्नायू वगैरेंचा असतो. आणि बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी सुमारे दोन तृतीयांश परत येतं. सुरू करतानाच हा खर्च आणि ही मुदत झेपणार आहे का, हा विचार करावा. पेन दुकानातून पावतीसह, फ्रिजमधून काढून दिलेलंच घ्या. बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये इशारा दिला होता.

आणखी एक, गोळी शोधण्याआधी चालू औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा. ओलान्झापिन, व्हॅल्प्रोएट, मिर्टाझापिन, ग्लिमेपिराइड, पायोग्लिटाझोन, इन्सुलिन, स्टेरॉइड ही सगळी वजन वाढवतात. मनाने बंद करू नका, पण पुष्कळदा पर्याय निघतो.

रानजाई

आहाराचं मी लिहिते. यादी देत नाही, दोनच ठिकाणी बोट ठेवते, कारण मराठी घरात सगळ्यांत जास्त फरक तिथे पडतो.

पहिलं तेल. चौघांच्या घरात पाच लिटरचा कॅन महिनाभर पुरत असेल तर माणशी रोज सुमारे ४२ मिलि झालं, म्हणजे सुमारे ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या. कॅन फोडला की त्यावर मार्करने तारीख लिहा. तोच कॅन दोन महिने पुरवायचा. माणशी रोज १७० कॅलरी वाचतात आणि कुणाच्या ताटातला पदार्थ बदलत नाही. फोडणीला कॅन तिरका करून ओतायचा नाही. पाच मिलिचा चमचा मिसळणाच्या डब्यातच ठेवा. भाजी जाड बुडाच्या कढईत, झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवली तर चौघांच्या भाजीला तीन चमचे पुरतात. करपते ती तेल कमी म्हणून नव्हे, आच मोठी म्हणून.

दुसरं प्रथिनं. हे दोन ताटांच्या तुलनेत सांगते.

उपासाची साबुदाणा खिचडी, एका माणसाची: कोरडा साबुदाणा ७५ ग्रॅम, दाण्याचं कूट २५ ग्रॅम, तूप एक मोठा चमचा, अर्धा बटाटा. सुमारे ५७५ कॅलरी, प्रथिनं ७ ग्रॅम, तीही बहुतेक दाण्यांची. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च. दोन-तीन तासांत परत भूक.

दुसरं ताट: प्रत्येकी ६० ग्रॅम पिठाच्या दोन ज्वारीच्या भाकऱ्या, ४० ग्रॅम कोरड्या मटकीला मोड आणून केलेली उसळ एक चमचा तेलात, काकडीची कोशिंबीर, वाटीभर ताक. सुमारे ६०० कॅलरी, प्रथिनं २२ ग्रॅमच्या आसपास. कॅलरी जवळपास तेवढ्याच, पण चार-पाच तास काही आठवत नाही.

वजन उतरवताना दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं धरा (किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून). अंड्यात ६, शंभर ग्रॅम बांगड्यात १९ च्या आसपास, ३० ग्रॅम फुटाण्यांत ६, ३० ग्रॅम सोयाबीन वड्यांत १५. रोज ४०० ते ५०० कॅलरींची तूट ठेवा, म्हणजे आठवड्याला अर्धा किलोच्या आतबाहेर उतरतं. सकाळी शौचानंतर वजन करा आणि आठवड्याच्या सरासरीकडेच बघा. खारट जेवण झालं किंवा पाळी जवळ आली तरी काटा किलोभर हलतो.

पाणवठा

दिवसातून दोनदाच जेवायच्या पद्धतीबद्दल विचारायचं होतं. डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे घरोघरी पोहोचली आहे. गोळ्यांपेक्षा बरी ना?

रानजाई

गोळ्यांपेक्षा नक्कीच बरी. मधलं चहा-बिस्किट, फरसाण बंद होतं, फायदा मुख्यतः त्याचा. पण दोन्ही जेवणांत प्रथिनं नसली तर स्नायू जातात. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, अठराच्या आतल्या मुलांनी करू नये. मधुमेहाला ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी मात्रा कमी करून घ्यावीच लागते, नाहीतर दुपारी साखर ७० च्या खाली जाते: घाम, थरथर, गोंधळ. नुसतं मेटफॉर्मिन चालू असेल तर हा धोका फार कमी.

तिसरा ठोका

वजनाच्या काट्याइतकीच टेप महत्त्वाची, विशेषतः आपल्यासाठी. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःच्याच शरीराची तुलना छापली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) एकच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणून आपल्याकडे बीएमआयची रेघ २३ वर येते, २५ वर नव्हे.

कंबर मोजायची ती पॅंटच्या पट्ट्यावर नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, साधा श्वास सोडून, टेप कातडीत न रुतवता. पुरुषांची ९० सेंमी आणि स्त्रियांची ८० सेंमीच्या आत हवी.

मल्लखांब

स्नायू टिकवायला चालणं पुरत नाही. आठवड्यातून दोनदा हे करा: खुर्चीवरून हात न टेकता उठबस, ओट्यावर हात ठेवून दंड, पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन कमरेपर्यंत ओढणं, टाचा उचलणं. प्रत्येकी ८ ते १२ वेळा, दोन फेऱ्या. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. बारा सहज जमायला लागले की खुर्ची बुटकी घ्या किंवा दंड ओट्याऐवजी पलंगाच्या काठावर. गुडघा दुखत असेल तर उलट, खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. चालणं आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने.

अंबाडी

सगळ्यांचे आभार. एकच राहिलं. एकादशीला साबुदाण्याऐवजी काय?

रानजाई

४० ग्रॅम राजगिऱ्याच्या पिठाची थालीपीठं, त्यात किसलेली काकडी आणि हिरवी मिरची, बरोबर २०० ग्रॅम घट्ट दही. तव्यावर एक चमचा तूप. प्रथिनं १२ ग्रॅमच्या पुढे जातात. भगर चालत असेल तर तीही घ्या, पण तयार पीठ आणू नका. भगरीच्या पिठाला ओल लागली की बुरशी पटकन धरते आणि दर वर्षी उपासाच्या दिवसांत त्याने विषबाधा होते. अख्खी भगर निवडून, धुऊन, वाळवून लागेल तेवढीच घरी दळा.